गांडूळ ही शिवी नाही



आपल्या सभांमध्ये एक वाक्य हमखास येतं. वक्ता तापतो, माईक खरखरायला लागतो आणि तो म्हणतो – गांडुळासारखं जगू नका, नागासारखा फणा काढा. टाळ्या पडतात. नागाचं ठीक आहे. नागांशी आपलं नातं बाबासाहेबांनी १९५६ साली नागपुरात सांगून ठेवलंय. ते नाग मात्र माणसं होती, बिळात राहणारी नव्हती. माझा सवाल नागाबद्दल नाही. सवाल गांडुळाबद्दल आहे. गांडूळ आपण शिवी म्हणून वापरतो, आणि ज्यांच्या शेतात ते फुकट राबतं ते त्याला 'शेतकऱ्याचा मित्र' म्हणून मान देतात. शिवी खरी की मान खरा? मला वाटतं दोन्ही खोटे. आणि दोन्ही खोटे का, हे नीट उकलून बघितलं तर आपल्या स्वतःच्या जगण्याची एक गाठ सुटते. म्हणून हा लेख. कविता मागितली होती, तिच्याऐवजी हे घ्या.

आधी जनावर बघू. न बघता बोलायची सवय वरच्यांची आहे, ती आपण कशाला घ्यायची.

कुणी त्याला काडू म्हणतं, कुणी दानवे, कुणी शिदोड. संस्कृतात भूनाग. म्हंजे वक्त्याचा नागही तिथं येऊन बसलाच, गंमत बघा. आपल्या देशात कॉलेजच्या पोरांना वर्षानुवर्षं जे कापायला दिलं ते फेरेटिमा पोस्थुमा. आता त्याचं नाव बदलून मेटाफायर पोस्थुमा केलंय. वीतभराच्या आतबाहेर लांबी, शंभर ते एकशेवीस कडी. चौदाव्या ते सोळाव्या कड्यावर एक जाड पट्टा, त्यातूनच अंड्यांची कोशी तयार होते. डोळे नाहीत, पण उजेड कातडीला कळतो. कान नाहीत. फुप्फुस नाही. सगळा श्वास कातडीतून, म्हणून कातडी ओली पाहिजे. सुकली की मेलं. पाठीचा कणा नाही हे खरंच आहे, पण जवळजवळ प्रत्येक कड्यावर बारीक वाकडे काटे असतात, ते जमिनीत रोवून ते पुढं सरकतं. बिळातून ओढून काढायला जा, अर्धं तुटेल पण सहज सुटायचं नाही. कणा नसलेला प्राणी जमीन इतकी घट्ट धरतो, आणि कणा असलेली किती माणसं खुर्ची दिसली की जमीन सोडतात हे तुम्हाला मी सांगायला नको.

एका गांडुळात नर आणि मादी दोन्ही असतात. दोन गांडुळं जोडली जातात, एकमेकांना देतात, एकमेकांकडून घेतात. त्यांच्यात नवरा कोण आणि पाय कोण चेपतो हा प्रश्न नाही. हे जाता जाता.

या प्राण्याकडे सगळ्यात धीरानं बघितलं ते चार्ल्स डार्विननं. माकडाचा माणूस झाला एवढ्यावरच आपण त्याला ओळखतो. पण मरायच्या आधी, १८८१ साली, त्यानं शेवटचं पुस्तक लिहिलं ते गांडुळांवर. पहिला निबंध १८३७ सालचा. म्हणजे चव्वेचाळीस वर्षं हा माणूस अधूनमधून मातीत डोकं घालून बसलेला. १८४२ साली त्यानं घराजवळच्या एका शेतात खडूचे तुकडे पसरले. आणि वाट बघितली. २९ वर्षं. १८७१ साली चर खणला, तर खडूचा थर सात इंच खाली गेलेला. खडू बुडाला नव्हता. गांडुळांनी खालची माती पोटातून वर आणून त्याच्यावर टाकली होती. त्यानं हिशेब मांडला की इंग्लंडात कित्येक ठिकाणी गांडुळं एका एकरात वर्षाला दहा टनांहून जास्त माती अशी वर आणतात. स्टोनहेंजला पडलेले मोठाले दगड आहेत, तेही हळूहळू जमिनीत कसे जातात ते बघायला म्हातारपणी तो तिथं गेला. घरात कुंड्यांत गांडुळं ठेवून त्यांच्यासमोर शिट्ट्या वाजवल्या, मुलाला वाद्य वाजवायला लावलं, पियानो बडवला. गांडुळं ढिम्म. कुंडी मात्र पियानोवर ठेवली की हादरा बसून बिळात गुडूप. कागदाचे त्रिकोण कापून टाकले, तर गांडुळं बहुतेक वेळा निमुळत्या टोकानंच ते बिळात ओढतात. म्हणजे काही एक अक्कल त्यांना आहे, असं त्यानं लिहिलं. एवढा जगात गाजलेला माणूस, आणि ज्याला सगळे तुच्छ म्हणतात त्याला अक्कल आहे का हे आधी तपासतो, मग बोलतो. आपल्याकडे किती पिढ्या गेल्या आणि आमची अक्कल न तपासताच निकाल लागला.

डार्विनचं गांडूळ आपल्यापेक्षा वेगळ्या जातीचं होतं. आणि इथं मला थांबावं लागतं, कारण हा 'जात' शब्द. मराठीत प्राण्याच्या प्रकारालाही जात आणि माणसाच्या उतरंडीलाही जात. आंब्याची जात, बैलाची जात, म्हाराची जात. शब्द एकच ठेवला म्हणजे लबाडी आपोआप पचते. दोन वेगळ्या जातींची गांडुळं एकाच वाफ्यात ठेवा, त्यांच्यावर कुणी पहारा करत नाही, तरी ती आपापल्यातच वाढतात. निसर्गाची भिंत तिथं आहे, तर पोलीस कशाला? माणसाच्या दोन जातींत मात्र पोरगा-पोरगीचं जमलं की कुऱ्हाडी निघतात. का? कारण तिथं निसर्गाची भिंत नाहीच. मूल होतं, धडधाकट होतं. १९१६ साली कोलंबियात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी नेमकं हेच दाखवलं, की जातीचं मूळ बेटीबंदीत आहे. जी गोष्ट जन्मजात असते तिला बंदी लागत नाही. बंदी लागते याचाच अर्थ ती बनवलेली आहे.

आता 'मित्र' या मानाकडे येतो.

गांडूळ कुणासाठी राबत नाही. ते जेवतं. कुजलेलं पान, शेण, मातीतला बारीक जीव, ते तोंडात घेतं, आतल्या पोटाच्या गिरणीत भरडतं आणि मागून टाकतं. बिळं पडतात म्हणून पाणी मुरतं, हवा जाते, मुळं खाली उतरतात. यातलं काहीही त्यानं मालकासाठी केलेलं नाही. शेत कुणाचं, सातबाऱ्यावर नाव कुणाचं, त्याला पत्ता नाही. 'मित्र' हे नाव आपण दिलं, कारण फायदा आपला झाला. आणि हाच मित्र दुसऱ्या दिवशी गळाला टोचून माशापुढे टाकताना कुणाचाही हात थरथरत नाही. ज्याला मित्र म्हणायचं पण विचारायचं काही नाही, त्याला मित्र म्हणण्यात खर्च किती?

हा मान ओळखीचा वाटतो ना?

१९३६ साली गांधींनी आपल्या 'हरिजन' पत्रात आदर्श भंगी कसा असावा यावर लिहिलं. मैला उचलण्याचं काम किती थोर, किती पवित्र. बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या पुस्तकात गांधींचा सगळा हिशेब चुकता केला, त्यात या कौतुकाचाही केला. ज्या कामावर एका जातीला जन्मानं जखडलंय, त्या कामाचं त्याच जातीपुढं गुणगान करणं म्हणजे बेडीला चांदीचा मुलामा देणं, हा त्यातला मुद्दा मी माझ्या शब्दांत सांगतो. काम थोर असेल तर वाटून घ्या. एवढं पवित्र असेल तर तुमच्या पोरांना पण लावा. पण नाही. कौतुक एकाचं, टोपली दुसऱ्याच्या डोक्यावर. मैला वाहण्यावर १९९३ साली कायदा झाला, मग २०१३ साली दुसरा. तरी माणसं गटारात उतरतात आणि वायूनं गुदमरून मरतात, म्हणून तर २०२३ साली सुप्रीम कोर्टाला मेलेल्याच्या घरच्यांना द्यायची रक्कम दहा लाखांवरून तीस लाखांवर न्यावी लागली. गांडूळ जमिनीखाली जातं ते श्वासासाठी, ओलीसाठी. माणूस गटारात जातो तिथं श्वासच नसतो. या दोन 'खाली जाण्या'त साम्य आहे असं ज्या कवीला वाटतं त्यानं एकदा झाकण उघडून वाकून बघावं.

उपयोगी असल्यानं मान मिळतो हे आम्हाला कुणी शिकवू नये. महाराइतका गावाला उपयोगी कोण होता? शिवेचा वाद आला की महाराची साक्ष, कारण कुठला बांध कुठं ते त्याला पाठ. सरकारी सारा पोचवायचा त्यानं, निरोप न्यायचा त्यानं, मेलेलं ढोर ओढायचं त्यानं. गावच्या जमिनीची खडानखडा माहिती ज्याला, तोच गावाबाहेर. ते वतन १९५८ साली कायद्यानं गेलं. आणि गेलं म्हणून रडणारे आपल्यातही होते, कारण चतकोर भाकरी का होईना, उपयोगाची खात्री होती. उपयोगाची खात्री ही गुलामाची शेवटची चैन असते. बाबासाहेबांनी ती आधीच, १९२७ पासून, तोडायला सांगितली होती.

मी ज्या धंद्यात पोट भरतो त्यातलीच एक गोष्ट. मुंबईच्या जुन्या कापडगिरण्यांत साचेखात्यात, म्हणजे जिथं कापड विणलं जायचं तिथं, पगार बरा होता. धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यायचं. तोंडानं! म्हणून तिथं अस्पृश्य चालत नव्हता. सूतखात्यात राबायला चालायचा. म्हणजे त्याच्या बोटांतून गेलेलं सूत चालतं, त्याच्या ओठाला लागलेला धोटा चालत नाही. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना हाच सवाल घातला – सगळे कामगार एक, तर मग साचेखात्याचं दार बंद का? जात म्हणजे नुसती कामाची वाटणी नाही, कामगारांचीच वाटणी आहे, असं त्यांनी १९३६ साली लिहिलं. त्यामागं मला हा धोटा दिसतो. आम्ही उपयोगी नव्हतो म्हणून बाहेर होतो असं कधीच नव्हतं. आम्ही उपयोगी होतो आणि बाहेर होतो. उपयोग हा हक्काचा पाया होऊच शकत नाही. उपयोग संपला की मालक फेकतो, आणि उपयोग असेपर्यंत वापरतो. यात हक्क कुठं आला?

तर मान असा खोटा. आता शिवी.

गांडुळासारखं जगू नका म्हणजे काय? तर वर या, उन्हात या, खाली पडून राहू नका. वक्त्याचा हेतू चांगला आहे, मला मान्य. पण वाक्यात एक गोष्ट लपून बसलीय. त्यात धरून चाललंय की आम्ही खाली आहोत ते गांडुळासारखे, म्हणजे आमच्याच मऊपणानं. गांडूळ उन्हात येत नाही कारण त्याची कातडी सुकते. तो त्याच्या देहाचा कायदा आहे. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडात जमलेल्या माणसांची कातडी चवदार तळ्याच्या पाण्यानं सुकणार होती का? देवळात गेल्यानं कुणाचा श्वास कोंडणार होता? आम्ही खाली होतो कारण वर पाय होता. गांडुळाचं खाली असणं आणि माणसाला खाली ठेवणं यात जो फरक आहे, तोच सगळा फरक आहे. 'ज्याची त्याची जागा' म्हणणारे हा फरक पुसतात. शिवी देणाराही तोच पुसतो, न कळत.

आणखी एक. खोऱ्यानं गांडूळ तुटलं की लोक म्हणतात, काही नाही, एकाची दोन होतात. खोटं आहे. कोशीच्या पट्ट्याकडचा, तोंडाकडचा भाग पुरेसा शिल्लक असेल तर काही जातींत शेपटाकडे नवीन कडी येतात. मागचा तुकडा मात्र वळवळून वळवळून मरतो. ती वळवळ बघून आपण म्हणतो, बघा, दुसरं तयार झालं! मरण्याची तडफड म्हणजे जन्म, असं ज्यानं पहिल्यांदा म्हटलं त्याच्या हातात नक्की खोरं असणार. 'त्यांना सवय असते', 'त्यांना एवढं लागत नाही', 'त्यांची बाई बाळंत होऊन दुसऱ्या दिवशी कामावर जाते' – ही वाक्यं त्याच कारखान्यातली आहेत.

इथपर्यंत काही जण म्हणतील, बस कर रे, माणसं मरतायत आणि तू किड्याची कड घेतोयस. हा आक्षेप वाजवी आहे. त्याला उत्तर द्यायचं तर मनूपाशी जावं लागतं.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात एक श्लोक आहे, चौऱ्याऐंशीवा. त्याचा आशय असा, की शेती चांगली असं काहींना वाटतं, पण सज्जन तिची निंदा करतात, कारण लोखंडी तोंडाचं लाकूड जमिनीला आणि जमिनीत राहणाऱ्या जिवांना मारतं. वाचून मी गपगार बसलो. मनूला गांडुळाची दया आहे! आणि त्याच अध्यायात, थोडं मागं, एक्कावन्न-बावन्नला जा. चांडाळानं गावाबाहेर राहावं, फुटक्या भांड्यात खावं, प्रेताचे कपडे घालावेत. नांगराखालच्या किड्यासाठी कळवळा, आणि चालत्याबोलत्या माणसासाठी फुटकं गाडगं. आणि त्या कळवळ्याचा उपयोग काय केला? नांगर थांबवला? छे. अन्न तर पाहिजेच. फक्त नांगर आपल्या हातात नको, दुसऱ्याच्या हातात द्या. पाप त्याच्या बोकांडी, धान्य आपल्या कोठारात. अशी ही दया. २५ डिसेंबर १९२७ ला महाडात तो ग्रंथ जळाला तेव्हा हा श्लोकही जळाला, आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही.

मग आपण दया सोडून द्यायची का? मनूनं वापरली म्हणून?

बुद्धाकडं बघा. अश्वघोषाच्या बुद्धचरितात तरुण सिद्धार्थ नांगरट बघतो. उपटलेलं गवत, मेलेले किडे, त्यांची अंडी. आपलं माणूस मेल्यासारखं दुःख त्याला होतं. पण त्याची नजर तिथंच थांबत नाही. उन्हानं, धुळीनं रापलेले नांगरे दिसतात, दमलेले बैल दिसतात. किडा, बैल, माणूस, तिघं एका नजरेत. मनूची नजर किड्यावर थांबली होती, कारण पुढं माणूस दिसला असता तर पंचाईत होती.

विनयात भिक्खूला जमीन खणायला मनाई आहे. पण नियम तिथंच संपत नाही. खणवून घेणं हाही दोष. हे 'खणवून घेणं' फार महत्त्वाचं. मनूची सगळी सोय या एका शब्दानं बंद होते. पावसाळ्यात भिक्खूंनी एका जागी राहावं हा वर्षावास का आला? चालताना कोवळी रोपं आणि बारीक जीव तुडवले जातात अशी लोकांची तक्रार आली म्हणून. लोकांनी टोचलं आणि संघानं नियम केला. शंकराचार्यांना असं कुणी टोचून बघावं.

तरी मला एक जागा अडते, ती लपवत नाही. सुत्तनिपातात कसिभारद्वाज नावाचा शेतकरी ब्राह्मण बुद्धाला म्हणतो, मी नांगरतो, पेरतो आणि मग खातो, तू पण तसंच कर. बुद्ध म्हणतो, मी पण नांगरतो, श्रद्धा माझं बी आहे. उत्तर सुंदर. पण त्या ब्राह्मणाचे पाचशे नांगर जुंपलेले होते असं सुत्तात आहे. पाचशे नांगर एकटा ब्राह्मण कसे हाकेल? म्हणजे तिथं पाचशे गडी होते. 'मी नांगरतो' म्हणणाऱ्याला सुत्तात कुणी विचारत नाही, की दादा, तू नांगरतोस का नांगरवून घेतोस? मला वाटतं बाबासाहेबांना ही फट दिसली असावी. हा माझा अंदाज, पुरावा नाही. पण 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' काढून पहिला भाग वाचा. तिथं सिद्धार्थ मित्रांबरोबर बापाच्या शेतावर जातो आणि तळपत्या उन्हात, अंगावर धड कपडा नसलेले मजूर त्याला दिसतात. तो मित्रांना विचारतो, एका माणसानं दुसऱ्याचं शोषण करावं हे बरोबर आहे का? मित्रांना उत्तर देता येत नाही. कारण कामकरी सेवा करण्यासाठीच जन्मतो अशा जुन्या समजुतीत ते वाढलेले. म्हणजे तोच उपयोग, तोच 'मित्र'!

आणि त्याच पुस्तकात बाबासाहेब पुढं करुणा आणि मैत्री वेगळी काढतात. करुणा माणसांपुरती, मैत्री सगळ्या जिवांसाठी. अहिंसेबद्दल ते सांगतात की मारायची गरज वेगळी आणि मारायची इच्छा वेगळी. या मापानं मोजलं तर माझं भांडण बरंचसं मिटतं. पोटासाठी नांगर चालतो, त्यात किडा मरतो, ती गरज. पोरं गंमत म्हणून गांडुळावर मीठ टाकतात, ती इच्छा. आणि वर्षभर जमिनीत विष ओतून गांडूळ मारायचं, मग गांडूळखताची गोणी विकत आणायची, याला गरज म्हणायचं की इच्छा, ते कृषी खात्याला विचारा. पण यात क्रम आहे, ध्यानात ठेवा. मैत्री ही करुणेच्या पुढची पायरी आहे, करुणेच्या बदली मिळणारी वस्तू नाही. गल्लीतल्या माणसाचं पाणी तोडून मुंग्यांना साखर घालणारे आपण रोज बघतो.

गांडूळखताचा विषय निघालाच आहे तर एक बघितलेलं सांगतो. त्यात वापरतात ते बहुतेक आयसेनिया फेटिडा, तांबडं, शेणाच्या थरात वरवर राहणारं. आमच्या इकडच्या एका प्रकल्पावर भिंतीला सूचनांचा फलक आहे. वाफ्यावर सावलीचं जाळं पाहिजे. गोणपाट ओलं पाहिजे. ताजं शेण घालू नये, त्याची गर्मी गांडुळांना सोसत नाही. मुंग्या येऊ देऊ नयेत. जाळ्याच्या बाहेर, उघड्यावर, दोन बाया चाळणी घेऊन तयार खत चाळत बसतात. दुपारचं ऊन, डोक्याला पदर, हात कोपरापर्यंत काळे. फलक मी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला. अकरा सूचना आहेत, अकराही गांडुळांसाठी.